सी अक्षरापाशी

माझं काम मान खाली घालून बसायचं.
जज बोलतील ते लिहायचं,
रकान्यात आकडा, आकड्यापुढे शेरा,
आणि घोड्याकडे बघायचं नाही.
बघितलं की एक ओळ हुकते,
हुकलेली ओळ पुढच्या घोड्याला जाऊन चिकटते.

हे मला कोणी शिकवायला नको होतं.
एकतीस वर्षं सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात हेच केलं.
म्हणून तर मेजर कोलारकरांचा फोन आला :
"बाई, हाताने झरझर इंग्रजी टिपणारं
अख्ख्या नागपुरात कोणी उरलं नाही हो,
पोरं सगळी अंगठ्याने लिहितात."

जज हॉलंडच्या. नंदेश्वर त्यांना जमेना.
आधी नंदा केलं, मग नान,
तिसऱ्या घोड्यापर्यंत मी नुसती डिअर झाले.
डिसेंबरात त्या बिनबाह्यांच्या, मी मफलरात.
मानकापूरच्या छताखाली पारवे,
खाली कन्हानची चाळलेली रेती
आणि कडेने पांढऱ्या पाट्या :
ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ.
ही कुठली बाराखडी, मी विचारलं.
त्या म्हणाल्या, कोणालाच ठाऊक नाही, लिही.

लिहिलं.
साडेसहा. मान दाबून धरली.
सात. लय टिकली.
पाच. घाई.
घाई कोणाची, ते नाही सांगितलं.

घोडा म्हणजे मला नुसता कानावर येणारा.
नाकाचं फुर्र, खोगिराची करकर,
दर वर्तुळानंतर जरा ओला झालेला वास.
प्रत्येकाची चाल वेगळी ऐकू येऊ लागली दुपारपर्यंत,
साक्षीदारांचे खाकरे वेगळे असत, तशी.
सतरा नंबर दौडत यायचा तो असा :
तीन टापा आणि एक विचार.
तीन टापा आणि एक विचार.
मागचा डावा पाय अंमळ जड.

मग सतरा नंबर मधोमध येऊन थांबला
आणि जज बोलेनात.

ही शांतता माझ्या ओळखीची.
सत्त्याण्णव साली एक बाई पिंजऱ्यात उभी राहून
अशीच बोलेनाशी झाली होती.
पंखा फिरत होता. साहेबांनी शेवटी सांगितलं,
"साक्षीदार गप्प राहिली."
मी टिपलं. तीन शब्द.
तिचा चेहरा विचाराल तर नाही सांगता येणार.
डाव्या चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला होता.

आज मान वर केली.

चिकूच्या बीच्या रंगाचा.
एक कान पाठीवरच्या मुलीकडे,
एक माझ्याकडे.
अंगातून वाफ निघत होती
आणि चारी पाय असे ठेवलेले
जसं कोणी पाटावर सामान मांडावं.

"डिअर. थांबणं, आठ. शांत."

मी आठ लिहिला. शांत लिहिलं.
त्याच्या पोटाखाली एक शीर थाडथाड उडत होती,
पण शेरा माझा नसतो.

संध्याकाळी उड्या. तिथे लिहिणारी लागत नाही.
दांडी पडली की चार.
नाही पडली तर काही नाही,
इतका सरळ न्याय मी कोर्टात पाहिला नव्हता.
परदेशी मंडळींचे दर खेळाला वेगळे घोडे.
कामठीच्या मृण्मयी उकेकडे एकच,
सकाळचा सतरा, आता पाठीवर दुसरा आकडा.

मी वर, पायऱ्यांवर. शेजारी नत्थूजी,
तबेल्यातून सुटून आलेले, हाताला मालिशचं तेल,
त्याच हाताने संत्रं सोलत.
"काहून डोये मिटले, बाई? पाहा ना,
आता आली तिची पाळी."
थांबा जरा, म्हटलं.

तीन टापा आणि एक विचार.
तीन टापा आणि एक विचार.
तीन टापा

मग खाली रेतीवर कोणीच नाही.
पारवेसुद्धा नाहीत.
नत्थूजींचा हात सालीत थांबला असावा,
वास तिथेच राहिला.

लाकूड वाजलं.
खूर वाजले, जड पाय शेवटी.
लोकांनी श्वास ओढून घेतला आणि परत दिला नाही.

डोळे उघडले.
दांडी खोबणीत अजून हलत होती.